मावशीची पेस्ट आणि मावशीचं बोअर

गेल्या उन्हाळ्यात अथणीकडच्या मावशीकडे गेलो, तेव्हा न्हाणीच्या कोनाड्यात नेहमीची लाल-पांढरी ट्यूब दिसली नाही. तिच्या जागी कडुलिंब-लवंगेची हिरवी पेस्ट होती. विचारलं तर मावशी म्हणाली, "आधीच्या पेस्टीत इख हाय म्हणं. पुण्यास्नं नातवानं फोन करून सांगितलं. फ्लोराइट का काय ते. अमेरिकेत बंदी आलीया त्याच्यावर." एवढं बोलून तिनं बोअरची मोटर चालू केली, पितळी तांब्या भरला आणि माझ्यापुढं धरला.

दात किडू नयेत म्हणून पेस्टमध्ये घालतात ते फ्लोराइड त्या तांब्यात किती, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. बोअर मारून वीस वर्षं झाली, पण पंचायतीनंही कधी सांगितलेलं नाही. मावशीच्या पुढच्या दातांवर आडवे तपकिरी पट्टे आहेत, जास्त फ्लोराइडच्या पाण्यानं पडतात तसे. माझ्या आईच्याही होते. दोघींचं लहानपण त्याच पट्ट्यातल्या एका विहिरीच्या पाण्यावर गेलं. आईला बघायला बेळगावची मंडळी आली, तेव्हा "पोरगी मिश्री लावते काय?" असं त्यांनी आडून विचारलं होतं म्हणे. दोघींपैकी एकीनंही आयुष्यात मिश्रीला बोट लावलेलं नाही. सोयरीक जमली खरी, पण आई फोटोत तोंड मिटूनच हसायची.

नातवानं सांगितलं ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. अमेरिकेतल्या युटा राज्यानं २०२५ च्या मार्चमध्ये कायदा करून सार्वजनिक पाण्यात फ्लोराइड मिसळायला बंदी केली, पाठोपाठ फ्लोरिडानं केली. तिथले आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनियर स्वतः या मिसळण्याच्या विरोधात आहेत. पण बंदी आहे ती नळाच्या पाण्यात वरून फ्लोराइड घालण्यावर. पेस्टवर नाही. उलट बंदीवाल्यांचा एक मुद्दाच असा, की दुकानात फ्लोराइडची पेस्ट मिळत असताना ते पाण्यात कशाला? म्हणजे तिकडे पेस्टच्या भरवशावर पाण्यातलं फ्लोराइड काढलं, आणि इकडे आमच्या मावशीनं पेस्ट टाकली आणि पाणी तेच ठेवलं. फॉरवर्ड झालेला निरोप समुद्र ओलांडताना असा उलटा होतो.

पाण्यात फ्लोराइड घालावं की नाही, हा वाद आता आपल्याकडेही हातातल्या फोनवरून घराघरात आला आहे. कुणी त्याला सरकारी विषप्रयोग म्हणतं, तर कुणी शिकलेला माणूस त्याला हसून "अडाणीपणा" म्हणतो. माझं म्हणणं असं, की बेळगाव-सीमाभागात हा वाद तसाच्या तसा आणणं म्हणजे शेजाऱ्याच्या घराची वाटणी आपल्या अंगणात करणं. आपला प्रश्न घालण्याचा नाहीच. तो मोजण्याचा आणि मोजलेलं सांगण्याचा आहे. आपल्याकडे निसर्गानं काही ठिकाणी आधीच भरपूर घालून ठेवलं आहे, काही ठिकाणी जवळजवळ काहीच नाही, आणि कुठं किती हे प्यायणाऱ्याला कुणी सांगत नाही.

आधी तिकडची गोष्ट नीट बघू, कारण ती आहेच तशी गमतीची. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावात आला. तिथल्या पोरांचे दात तपकिरी डागांचे, अगदी मावशीसारखे. पण कीड मात्र कमी. हे कोडं सुटायला तीस वर्षं गेली. १९३१ मध्ये ॲल्युमिनियम बनवणाऱ्या एका कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञाला तसल्याच डागाळ दातांच्या एका गावच्या पाण्यात फ्लोराइड सापडलं. मग ट्रेंडली डीन या सरकारी दंतवैद्यानं गावोगावच्या मुलांचे दात आणि पाणी ताडून पाहिलं, आणि लिटरला साधारण १ मिलिग्रॅम फ्लोराइड असलं की डाग फारसे पडत नाहीत पण कीड बरीच कमी होते, असा मेळ घातला. २५ जानेवारी १९४५ ला मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात पहिल्यांदा मुद्दाम फ्लोराइड मिसळलं गेलं.

त्याच्या आधीच, १९३७ मध्ये, तेव्हाच्या मद्रास प्रांतात, आंध्रातल्या पोदिली-दर्शी भागातून फ्लोराइडचीच दुसरी गोष्ट वैद्यकीय नियतकालिकात पोचली. तिथं दात ही शेवटची तक्रार होती. माणसं कमरेतून वाकलेली, मान वळत नाही, सांधे धरलेले. सांगतात, शेतकऱ्यांना ते आधी बैलांत दिसलं होतं. उमेदीतले बैल ताठर व्हायचे, बसले की उठायचे नाहीत, नांगराला चालायचे नाहीत. माणसांवर पाळी नंतर आली. तेव्हा तिकडे फ्लोराइड हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढं न किडलेला दात येतो, आणि इकडे यायला हवा तो न उठणारा बैल. एकच द्रव्य, सारा फरक प्रमाणाचा.

मग आकडेच बघू. अमेरिकेत मिसळायचं प्रमाण २०१५ पासून लिटरला ०.७ मिलिग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १.५. आपल्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १०५०० प्रमाणे, १ पर्यंत असावं. दुसरं पाणीच उपलब्ध नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं. आता अमेरिकेतल्या भीतीचा उगम कुठला? तिथल्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाचा २०२४ च्या ऑगस्टमधला अहवाल. त्यानं म्हटलं, की लिटरला १.५ मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइडचा संबंध मुलांच्या बुद्ध्यंकात घट होण्याशी दिसतो, आणि या निष्कर्षाबद्दल आम्हाला मध्यम खात्री आहे. ०.७ नं असं काही होतं का, हे ठरवायला पुरावा पुरेसा नाही, हेही त्यातच लिहिलं. पुढच्याच महिन्यात कॅलिफोर्नियातल्या एका संघीय न्यायाधीशानं तिथल्या पर्यावरण खात्याला या जोखमीची दखल घ्यायला सांगितलं, आणि मग ते पेटलं.

म्हणजे ज्या आकड्यापलीकडची भीती अमेरिकेनं घेतली, तो आकडा त्यांच्या नळाचा नाही. तो आपल्याकडच्या खोल बोअरचा आहे. युटातल्या आईनं घाबरून सही गोळा करावी आणि अथणीतल्या आईला आपण घाबरायला हवं होतं याचा पत्ताच नसावा, हे मला त्या सगळ्या वादातलं सगळ्यात विचित्र वाटतं.

आपला बेळगाव जिल्हा या बाबतीत फार अवघड आहे. पश्चिमेला खानापूर. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते तिथं पावसाळ्यात चार महिने छत्री मिटायला मिळत नाही. जांभा दगड, लाल माती, झरे. असल्या पावसाच्या वाहत्या पाण्यात फ्लोराइड सहसा नावालाच असतं. बेळगाव शहराला येणारं राकसकोपचं आणि हिडकलचं पाणीही अडवलेल्या पावसाचंच. तीच मलप्रभा पूर्वेला नविलुतीर्थाच्या धरणात अडते, पुढं रामदुर्गाकडे जाते, आणि तोवर आजूबाजूचा मुलूख पार बदललेला असतो. पाऊस तुटपुंजा, जमीन काळी नाहीतर खडकाळ, आणि पाण्यासाठी पाचशे-सहाशे फूट खाली जायचं. केंद्रीय भूजल मंडळ कर्नाटकातले फ्लोराइडची बाधा असलेले जिल्हे मोजतं त्यांत शेजारचे विजापूर, बागलकोट, गदग आहेत आणि आपलं बेळगावही आहे. गदगातला मुंडरगी तालुका तर यासाठी राज्यभर ओळखला जातो. सीमेच्या पलीकडे महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड यांची हीच रड आहे.

खोल पाण्यात फ्लोराइड का, तर ते खडकात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं असतं. खडकातल्या फ्लोराइडयुक्त खनिजांतून ते हळूहळू पाण्यात उतरतं. यातली खरी मेख पुढं आहे. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला धरून खाली बसवतं. कॅल्शियम कमी आणि सोड्याचा अंश जास्त असलेल्या पाण्यात फ्लोराइड सुखानं विरघळून राहतं. आपल्याकडे पाणी जोखायची पद्धत कुठली? तूरडाळ शिजते का, साबणाला फेस येतो का, चहा फुटतो का. डाळ शिजली की पाणी गोडं, नाही शिजली की सवळ. हे माप पिढीजात आहे आणि स्वयंपाकापुरतं बरोबरही आहे. पण फ्लोराइडच्या बाबतीत ते नेमकं फसवू शकतं, कारण डाळ चटकन शिजवणारं, जिभेला गोडं लागणारं पाणीच कधी कधी जास्त फ्लोराइडचं निघतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. डॉक्टर सांगतात म्हणून पाणी उकळून प्यालात तर जंतू मरतील, फ्लोराइड आहे तिथंच राहील; उलट पाणी आटलं तेवढं ते दाट होईल. चार पदरी फडकं नाही, कँडलचा फिल्टर नाही, माठ नाही. तपासल्याशिवाय ते कळतच नाही.

आता तो मूळ सवाल: बेळगाव भागात कुणी उद्या म्हणालं की मुलांचे दात वाचवायला नळात फ्लोराइड घालू, तर? माझा विरोध असेल. पण विष-विष म्हणणाऱ्यांच्या कारणानं नाही.

पहिलं कारण लिटरांचं. मिसळणारा ठरवतो ते लिटरमागचं प्रमाण. अंगात जातं ते किती लिटर प्यालात त्यावर. एप्रिलमध्ये अथणी-रायबागकडे पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा उसाच्या फडात राबणारा माणूस दिवसाला पाच-सहा लिटर पाणी सहज पितो. टेबलाशी पंख्याखाली बसणारा मी दोन लिटर पीत असेन. ०.७ च्या पाण्यानं माझ्या अंगात १.४ मिलिग्रॅम जाईल. तोच फडातला माणूस १.५ चं, म्हणजे कागदोपत्री चालणारं पाणी पाच लिटर प्याला तर साडेसात जाईल. वर दिवसभराचा चहा, आणि चहाच्या पानात स्वतःचं फ्लोराइड असतंच. थंड हवेत बसलेल्यांनी ठरवलेला आकडा आपल्या उन्हाला लावायचा नसतो, हे खुद्द अमेरिकनांनाही कळलं होतं. म्हणून तर त्यांनी पूर्वी थंड गावाला १.२ आणि उष्ण गावाला ०.७ अशी पट्टी ठेवली होती.

इथं कुणीतरी आयोडीनच्या मिठाचं उदाहरण देणारच. २००६ पासून देशात खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकता येत नाही, गलगंडाला त्यानं आळा बसला, कुणाची तक्रार नाही, मग फ्लोराइडलाच का? तर मिठाची चिमूट सगळ्यांची जवळजवळ सारखी असते. शेतमजूर मीठ माझ्या तिप्पट खात नाही. पाण्याचं तसं नाही. स्वित्झर्लंडनं फ्लोराइड मिठातच घातलं, आणि बाझल शहरानं तर २००३ मध्ये पाण्यात घालणं बंद करून मिठावर भिस्त ठेवली. त्यांचं डोकं शाबूत होतं.

दुसरं कारण हातांचं. पाणी शुद्ध करायला ब्लीचिंग पावडर टाकतात ती कोण टाकतो? गावचा वॉटरमन. बेळगावच्या जवळच्याच एका गावात मी दोन वर्षं भाड्यानं राहिलो. त्या पंचायतीचा वॉटरमन भला माणूस होता, पण पावडरीचं पोतं संपलं की संपलं. पोतं आलं की पहिल्या दिवशी ओंजळी-ओंजळीनं अशी टाकायचा, की चुळ भरली तर दवाखान्यात गेल्यासारखं वाटायचं. मग आठवडाभर सामसूम. मोजमाप विचारलं तर म्हणाला, "अंदाज असतंय की सर. इतकी वर्षं टाकलोय." क्लोरिनला हा अंदाज निभावतो, कारण ते उडून जातं आणि जास्त झालं तर नाकाला आधी कळतं. फ्लोराइड उडत नाही आणि नाकाला कळत नाही. अलास्कातल्या हूपर बे या लहानशा गावात १९९२ मध्ये फ्लोराइड सोडणारी यंत्रणा बिघडली आणि नळातून भलतंच दाट फ्लोराइड आलं. एक माणूस दगावला, शेकड्यांनी आजारी पडले. ते अमेरिकेत, यंत्रासकट. आपल्याकडे ओंजळ आहे.

शिवाय शहरात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसलेल्या गल्ल्या अजून आहेत. मध्ये टँकर, मध्ये गल्लीचं बोअर, मध्ये शेजाऱ्याची विहीर. एका टाकीत तीन पाणी. त्यात प्रमाण धरायचं कशाचं?

आणि तिसरं, विचारण्याचं. ब्लीचिंग हे पाण्याला दिलेलं औषध, फ्लोराइड हे माणसाला दिलेलं. माणसाला औषध द्यायचं तर त्याला आधी सांगावं लागतं. रेशनच्या तांदळाचं काय झालं बघा. लोहाचे, बी-१२ चे दाणे मिसळलेला पोषक तांदूळ आला. हेतू वाईट नव्हता. पण कुणी दारात येऊन सांगितलं नाही, आणि बायकांनी सुपात ते वेगळे दिसणारे, पाण्यावर तरंगणारे दाणे वेचून "प्लॅस्टिकचा तांदूळ" म्हणून उकिरड्यावर टाकले. माझ्या डोळ्यांदेखत टाकले. सांगितलं नाही की लोक आपली गोष्ट स्वतः रचतात, आणि ती सरकारी परिपत्रकापेक्षा चांगली रचतात.

याचा अर्थ फ्लोराइडवाले सगळे मूर्ख असा मी काढत नाही. १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्सला जे केलं ते त्या काळात शहाणपणाचंच होतं. तेव्हा फ्लोराइडची पेस्ट बाजारात नव्हती. कॅनडात कॅल्गरीनं २०११ मध्ये मिसळणं बंद केलं, शेजारच्या एडमंटननं चालू ठेवलं. पुढं दोन्हीकडच्या दुसरीतल्या मुलांचे दात तपासले तेव्हा कॅल्गरीत कीड जास्त निघाली. लोकांनी २०२१ मध्ये मतदान करून ते परत आणलं आणि २०२५ मध्ये पाण्यात परत सुरू झालं. दुसऱ्या बाजूला, कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे ताडून बघणाऱ्या संस्थेचा २०२४ चा आढावा म्हणतो की १९७५ नंतर, म्हणजे पेस्ट घरोघरी पोचल्यावर, पाण्यातल्या फ्लोराइडचा फायदा पूर्वीपेक्षा बराच लहान झाला. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात.

आणि म्हणूनच मला खानापूरच्या पोरांची काळजी मावशीइतकीच वाटते. तिथं पाण्यात फ्लोराइड जवळजवळ नाही. खाण्यात काय? चहात बुडवलेलं बिस्कीट, पाच रुपयांचं पाकीट, चॉकलेट. दात किडतात ते साखरेनं. आणि आपण राहतो कुठं, तर चिक्कोडी-अथणीपासून गोकाकपर्यंत साखर कारखान्यांच्या धुराड्यांखाली. पाहुणा आला की कुंदा, परत जाताना करदंटाचा पुडा. बेळगाव शहरात दंतवैद्यकाची दोन महाविद्यालयं आहेत, तरी पश्चिमेकडच्या वाडीतलं पोर दाताच्या डॉक्टराचं तोंड पहिल्यांदा बघतं ते गाल सुजून डोळा मिटल्यावरच. या पोरांना फ्लोराइडची पेस्ट हवी आहे. दिवसातून दोनदा, वाटाण्याएवढी. तीन वर्षांच्या आतल्याला तांदळाच्या दाण्याएवढी. गिळायची नाही, थुंकायची. दातावर लागून काम करणारी ती वस्तू आहे, पोटात जाऊन नव्हे. आपल्याकडे पेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपर्यंतच चालतं आणि ते ट्यूबवर छापावं लागतं. तेव्हा डोळे असणाऱ्याला वाचता येतं.

म्हणजे नातवाचा तो निरोप अथणीत निरुपयोगी आणि खानापुरात घातक. तरी "फ्लोराइडमुक्त" हा शब्द आता जाहिरातीत "शुद्ध तुपातला"सारखा मिरवतो, आणि खानापूरच्या बाजारात तो जास्त खपतो, कारण तिथं पुणे-मुंबईला गेलेले जास्त आणि त्यांचे निरोपही जास्त.

पूर्वेकडे उपाय काय? आहेत की. सगळ्यात चांगला म्हणजे नदीचं पाणी. कृष्णेवरून, घटप्रभेवरून बहुग्राम योजना करायच्या आणि बोअर वापरण्यापुरतं ठेवायचं. ते होईपर्यंत बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड काढायचं. नागपूरच्या नीरी संस्थेनं सत्तरच्या दशकात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग यांची नालगोंडा पद्धत बसवून दिली. ती घरच्या बादलीतही करता येते, मात्र प्रमाण पाणी तपासूनच ठरवावं लागतं. कर्नाटक सरकारनं गावोगाव आरओचे प्लँट बसवले. "शुद्ध कुडियुव नीरिन घटक" (शुद्ध पिण्याच्या पाण्याचं केंद्र) अशी पाटी, नाणं टाकलं की वीस लिटर. कल्पना चांगली. चालू असला तर प्लँट फ्लोराइड काढतोही. पण मावशीच्या गावातला मी गेलो तेव्हा बंद होता, आणि कधीपासून याचं उत्तर तिघांनी तीन दिलं. मेंब्रेन बदलायचे पैसे कुणी द्यायचे यावर पंचायत आणि कंत्राटदार यांचं जमत नव्हतं. चालू असतो तेव्हाही काढून टाकलेलं दाट पाणी शेजारच्या गटारीत, तिथून ओढ्यात. आणि मावशीची वेगळीच हरकत: "मशीनचं पाणी पचत न्हाई बाबा, तहानच भागत न्हाई." इकडे खानापुरात ज्यांना आरओची काडीची गरज नाही, ते लग्नात वीस लिटरचे जार मांडतात. झऱ्याचं पाणी दिलं तर पाहुण्यांना कमीपणा वाटतो.

आता जरा आपल्याच लोकांना बोलतो. ८६५ गावांचा आपला दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. पाट्या मराठीत हव्यात, सातबारा-उतारे मराठीत हवेत, यासाठी आपण मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. मीही त्यात चाललो आहे आणि त्याची मला लाज नाही. पण इतक्या वर्षांत एका तरी निवेदनात "आमच्या गावच्या पाण्याचा तपासणी अहवाल आम्हाला मराठीत द्या" हे कलम होतं का? मला आठवत नाही. पाण्याचा नमुना तालुक्याला जातो, कागद कन्नडमध्ये येतो, पंचायतीच्या कपाटात जातो. तो कन्नडवाल्यालाही दाखवत नाहीत, हे खरं. अंधार दोन्ही भाषांत सारखाच आहे. तरी आपण कागदाची भाषा मागितली आणि कागदावरचा आकडा मागितला नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रातल्या जतच्या गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात यायचा ठराव केल्याचं कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई म्हणाले, तेव्हा दोन्हीकडे केवढं तापलं. जत आणि अथणी यांच्यामध्ये राज्याची सीमा आहे. जमिनीखालच्या खडकात ती नाही.

माझं मागणं मोठं नाही. ज्या टाकीतून, ज्या बोअरमधून गाव पाणी पितं, त्या टाकीवर ऑइलपेंटनं दोन ओळी: फ्लोराइड किती, आणि कुठल्या तारखेला तपासलं. कन्नडमध्ये आणि मराठीत. रेशन दुकानाबाहेर भावफलक लावतात तसं. आकडा १.५ च्या वर असेल तर लाल रंगात. मग नळात काय घालायचं, काय काढायचं, यावर वाद घाला हवा तेवढा. अमेरिकेतला माणूस सुखानं भांडू शकतो, कारण त्याच्या नळातला आकडा त्याला दरवर्षी पाणीपुरवठा करणाऱ्याकडून लेखी मिळतो.

आणि मोजायचं साधन गावात नाही असं नाही. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं शिक्षण द्यायचं ठरलं. मावशीची सून त्या पाचांतली. पेटी तिच्याकडेच, फ्रिजवर, दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या खोक्याखाली. "शिकवलं एकदा, मग कुणी विचारलंच नाही की हो भावजी," ती म्हणाली. बाटलीवरची तारीख अजून उलटली नव्हती. जेवणं झाल्यावर तिनं ओट्यावर तीन काचनळ्या मांडल्या: एकीत घरच्या बोअरचं पाणी, एकीत माझ्या बाटलीत उरलेलं बेळगावचं नळाचं, एकीत शेजारणीनं दोन दिवसांपूर्वी दुसऱ्या गावच्या प्लँटवरून आणलेलं. औषधाचे थेंब मोजून टाकले, तोंडं बंद करून हलवली. सहा वर्षांची नात स्टुलावर उभी राहून बघत होती. तिचे पुढचे दोन पडलेले, नवे यायचे आहेत. बेळगावचं गुलाबी राहिलं. प्लँटचंही गुलाबी. बोअरची नळी आधी नारिंगी झाली, मग पिकल्या लिंबासारखी पिवळी. सुनेनं ती पेटीतल्या रंगाच्या कार्डाला लावून बघितली आणि कार्डावरची शेवटची चौकट आली तेव्हा काही बोलली नाही. नातीच्या हातातला पेला मात्र तिनं काढून घेतला.

मावशी दारात उभी होती. दोन्ही गुलाबी नळ्यांकडं तिनं बघितलं नाही. पिवळीकडं बराच वेळ बघितलं, मग गोठ्याकडं.

"आपण आणू कुठनं तरी," ती म्हणाली. "ह्ये म्हसरांना चालतंय काय?"